ट्रॅक्टर पाणी पितोय? आधी गळती शोधा, मग पाना उचला

रोज सकाळी रेडिएटरची टोपी उघडायची, तांब्या-दीड तांब्या पाणी ओतायचं आणि कामाला लागायचं, हा आमच्या भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याकडच्या कितीतरी ट्रॅक्टरांचा नित्यनेम आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘जुना झालाय, पाणी पिणारच.’ वय झालं म्हणून कुठलाही ट्रॅक्टर पाणी पीत नाही. पाणी एक तर कुठून तरी बाहेर जातं, नाही तर नको तिथे आत जातं. बाहेर जात असेल तर बहुतेक वेळा घरच्या घरी भागतं. आत जात असेल तर मात्र खिशात हात घालावा लागतो, आणि जितका उशीर तितका हात खोल.

माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेली, रबाळ्याला, केमिकलच्या कारखान्यात फिटर म्हणून. पंप, सील, फ्लँज, गॅस्केट. थोडक्यात, गळती थांबवायचाच पगार घेतला. आता कळव्याला असतो. पडघ्याला भाच्याकडे मॅसी १०३५ आहे, तीन सिलिंडरची. पावसात चिखलणी, दिवाळीनंतर वीटभट्टीच्या विटा, मार्च लागला की पाण्याचा टँकर. पुढे लिहिलंय ते तिच्यावरून, पण पाण्याने थंड होणारा कुठलाही जुना डिझेल ट्रॅक्टर असला तरी क्रम हाच. काम मे महिन्यात काढा. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर ट्रॅक्टर उघडा पडला तर शेजारी भाड्याचा दर ऐकवतो.

पहिली गोष्ट टोपीची. इंजिन गरम असताना तिला हात लावायचा नाही. तिच्यावर दाबाचा आकडा छापलेला असतो, जुन्या ट्रॅक्टरांवर साधारण ०.५ बार, म्हणजे दर चौरस इंचाला सात पौंडांच्या आसपास. एवढ्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी १११ अंशांच्या जवळपास उकळतं. टोपी फिरवली की दाब गेला, आणि शंभराच्या वर तापलेलं ते पाणी त्याच क्षणी उसळून तोंडावर येतं. ‘मी ओलं फडकं टाकून उघडतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. फडकं टोपीवर असतं, तोंडावर नसतं. वरचा होज, म्हणजे रेडिएटर आणि इंजिन जोडणारी रबरी नळी, हाताने दाबून बघा. नरम लागला आणि हाताला चटका बसला नाही, तरच उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, तडा जातो.

गळतीच नाही असंही असू शकतं

हे आधी सांगतो, कारण यात लोकांचे पैसे जातात. आजच्या गाड्यांना रेडिएटरशेजारी प्लास्टिकची बाटली असते. गरम होऊन फुगलेलं पाणी तिच्यात जातं आणि इंजिन गार झालं की परत ओढलं जातं. जुन्या ट्रॅक्टरला ती बाटली नाही. गळ्याजवळून एक बारीक नळी खाली सोडलेली असते, बस्स. तुम्ही सकाळी गळ्याच्या काठापर्यंत भरलंत, ते पाणी तापून फुगलं आणि जास्तीचं नळीतून शेतात पडलं. दुसऱ्या सकाळी टोपी उघडली तर पातळी खाली. परत काठापर्यंत भरलं. असं वर्षानुवर्षं चालतं आणि दोष मात्र रेडिएटरला.

आतल्या नळ्यांची तोंडं बुडलेली आणि वर, गळ्याच्या खाली, दोन बोटं जागा मोकळी: एवढंच भरायचं. आठवडाभर तसं चालवून बघा. पातळी तिथेच राहिली तर ट्रॅक्टर धडधाकट आहे.

पातळी तरीही उतरत असेल आणि ओल कुठेच दिसत नसेल तर टोपी उलटी करून बघा. रबर चिरलेलं, कडक झालेलं किंवा स्प्रिंग गंजलेली असली की ती दाब धरत नाही आणि पाणी त्याच नळीने जातं. नवी टोपी आणा, पण त्याच आकड्याची. ‘जरा मजबूत’ म्हणून दुकानदार ०.९ ची देईल. मग रेडिएटरच्या जुन्या सांध्यांवर जवळजवळ दुप्पट दाब येतो आणि नसलेली गळती सुरू होते.

धुवा, सुकवा, पुठ्ठा घाला

आता खरी गळती. चिखल, भुसा आणि ऑइलचा थर चढलेल्या इंजिनावर काहीही सापडत नाही, म्हणून आधी धुवायचं. रेडिएटरची जाळी धुताना पाणी इंजिनाकडून पुढच्या बाजूला मारा. भुसा पुढून आत शिरलेला असतो, तो आला त्याच वाटेने बाहेर निघाला पाहिजे. प्रेशर पंप जवळ नेऊ नका, पत्र्या आडव्या होतात आणि मग हवाच जात नाही.

सुकल्यावर ट्रॅक्टर सपाट जागी लावा आणि तपासणीपुरतं गळ्यापर्यंत भरा. खाली मोठा पुठ्ठा अंथरा. फ्रिजच्या खोक्याचा असेल तर उत्तम. सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग बघा आणि सरळ वर नजर न्या. डाग अगदी पुढे असेल तर रेडिएटर, खालचा होज किंवा पाणी सोडायचा नळ. पंख्याच्या मागे असेल तर पंप. इंजिनाच्या बगलेत असेल तर कोअर प्लग नावाच्या पत्र्याच्या वाट्या.

धुतल्याशिवाय आणि इंजिन बंद ठेवल्याशिवाय हे का करायचं नाही? कारण पंखा फसवतो. ट्रॅक्टरचा पंखा हवा रेडिएटरमधून मागे इंजिनावर ओढतो. रेडिएटरला सुईएवढं भोक असलं तरी थेंब उडून ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या धडावर, बसतात आणि माणूस हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी, गेलं म्हणून कपाळाला हात लावतो. चालत्या इंजिनावरची ओली जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे. वाळलेला माग मात्र खोटं बोलत नाही. कूलंट, म्हणजे गंज रोखणारं द्रव मिसळलेलं पाणी, जिथून झिरपतं तिथे हिरवट-पांढरी खरपुडी जमते; तिचं वरचं टोक शोधा.

पुठ्ठा कोरडा राहिला तर गळती दाब आल्यावरच होते. इंजिन चांगलं तापवा, बंद करा आणि लगेच टॉर्च घेऊन बघा, टोपीला हात न लावता. संशयाच्या कोरड्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, ओघळ उठून दिसतो. रेडिएटरवाल्याकडे हातपंपाचा टेस्टर असतो. तो टोपीच्या जागी बसवून टोपीवरच्या आकड्याएवढाच दाब द्यायचा. काही पोरं जुन्या टोपीत ट्यूबचा वॉल्व्ह बसवून सायकलच्या पंपाने हवा भरतात. डोकं चांगलंय, पण मध्ये गेज नसेल तर रेडिएटर फोडायचाही तोच रस्ता आहे.

होज आणि क्लिपा यांत फार काही नाही. क्लिप नुसती आवळून गळती थांबली तर नशीब. होज टोकाला फुगलेला, तेलाने मऊ पडलेला किंवा वाकवल्यावर भेगा दाखवणारा असेल तर बदला. ज्या नळीवर तो चढतो तिच्यावरचा क्षार पॉलिश पेपरने पूर्ण काढा, नाहीतर नवा होजही गळेल. साबणाचं पाणी लावून चढवा, ग्रीस नको. क्लिप नळीच्या उठावाच्या मागे बसली पाहिजे, त्याच्यावर नव्हे. तार पिळून बांधू नका, ती रबर कापते. खालच्या होजच्या आत स्प्रिंग असेल तर ती नव्यात घाला. पंपाच्या ओढीने होज चपटा होऊ नये म्हणून ती असते. ‘आत काहीतरी अडकलं होतं’ म्हणून फेकून देणारे आहेत.

पंपाखालचं भोक

पंपाच्या पोटाखाली एक लहानसं भोक असतं. तिथून थेंब पडायला लागला की बहुतेकांना वाटतं, हेच गळतंय, हेच बुजवू. भाच्याच्या पंपाला एका गॅरेजवाल्याने तिथे एम-सील भरलं होतं. भाचा खूश. म्हणाला, “मामा, आता बघ, थेंब नाय.” मी म्हटलं, “थेंब नाही, मग पाणी गेलं कुठे?”

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या शाफ्टवर पाण्याच्या बाजूला सील आणि पंख्याच्या बाजूला बेअरिंग. सील झिजलं की पाणी शाफ्टच्या कडेने बेअरिंगकडे निघतं. वाटेतलं हे भोक त्याला खाली सोडतं, म्हणजे बेअरिंग वाचतं आणि मालकालाही कळतं. भोक बुजवलं की पाण्याला एकच वाट उरते. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन निघतं, आधी कुरकुर, मग घरघर, मग पंखा डगमगायला लागतो. पुढची पायरी म्हणजे पंख्याचं पातं रेडिएटरच्या जाळीत. सीलच्या कामात भागणारं प्रकरण सील, बेअरिंग, पंखा आणि रेडिएटर एवढ्यावर जातं.

इंजिन बंद असताना पंख्याची दोन समोरासमोरची पाती धरून पुढे-मागे हलवा. शाफ्ट हलत असेल, खटखट लागत असेल तर पंप खोलायचाच. शाफ्ट घट्ट असून नुसता थेंब पडत असेल तरी सील बदलायचं आहेच, फक्त थोडे दिवस हातात आहेत.

खोलण्याआधी पाणी सोडा, दोन्हीकडून: रेडिएटरच्या खालच्या नळातून आणि ब्लॉकच्या बाजूच्या नळातून. ब्लॉकचा नळ बहुधा गाळाने चोंदलेला असतो; तारेने टोकरा. निघालेलं पाणी बादलीत घेऊन मोजा, परत किती लागेल ते कळतं. बेल्ट ढिला करून काढा, मग पंखा आणि पुली. हात शिरत नसेल तर रेडिएटर बाहेर काढा. बॅटरी आड येत असेल तर तीही. अर्धवट जागेत पाना चालवून बोटांची सालं काढण्यापेक्षा हे बरं. पंपाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढा आणि जो बोल्ट जिथून निघेल तिथे खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि पंप गळत राहतो. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सुटायचं तेल मारा.

तयार पंप घ्यायचा की सील-बेअरिंगचा किट? माझं मत: जवळ दाबून बसवायचं प्रेस मशीन असेल आणि तो चालवणारा माणूस शहाणा असेल तरच किट. हातोड्याने बसवायचं असेल तर तयार पंपच घ्या. सीलमध्ये दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, एक कार्बनची आणि एक बहुधा सिरॅमिकची. दोघींचे चेहरे आरशासारखे सपाट केलेले असतात, आणि पाणी अडतं ते त्या सपाटपणावर. रबर फक्त बाकीच्या फटी सांभाळतं. म्हणून त्या चेहऱ्यांना बोट लावायचं नाही, ग्रीस लावायचं नाही, टेबलावर पालथं ठेवायचं नाही. पितळी वाटी दाबताना फक्त बाहेरच्या काठावर दाब द्यायचा, त्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवून. मधोमध दाबलं की कार्बन तडकतो. रबराला साबणाचं पाणी पुरे. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, किती आत दाबायचा ते किटच्या कागदावर किंवा मॅन्युअलात असतं. आणि बसवून झाल्यावर ‘फिरतोय का बघू’ म्हणून पाण्याशिवाय इंजिन चालवायचं नाही. त्या चकत्यांना पाणीच वंगण आहे. कारखान्यात नवा सील कोरडा चालवून जाळणारे मी पगारी इंजिनिअर पाहिलेत.

गॅस्केट तयार मिळालं तर छान, नाहीतर गॅस्केट पेपर पंपाच्या तोंडावर धरून काठावर हातोडीने हलके टकटक करा, आकार आपोआप कापला जातो. दोन्ही तोंडांवरचं जुनं गॅस्केट खरवडून काढा, पण ओरखडा पडू देऊ नका. सिलिकॉन थापू नका. बाहेर जितकं ओघळलेलं दिसतं तितकंच आतही ओघळलेलं असतं, आणि तो तुकडा सुटला की थेट रेडिएटरच्या नळीत जाऊन बसतो. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून ताठ ठेवलात तर नव्या बेअरिंगचं आयुष्य खाल्लंत.

रेडिएटर, हळद आणि थर्मोस्टॅट

जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे, त्यामुळे त्यांना डाग देता येतो, म्हणजे कथिल वितळवून सांधा जोडता येतो. पण घरी करू नका. एक सांधा जोडायला ज्योत लावली की शेजारचे दोन सुटतात. काढून रेडिएटरवाल्याकडे न्या. ट्रकांच्या कृपेने भिवंडीत ते मिळतात. तो तोंडं बंद करून हौदात बुडवतो, हवा सोडतो, बुडबुडे येतात तिथे खूण करतो. उघडलाच आहे तर वरची टाकी काढून रॉडिंग करून घ्या, म्हणजे एकेका नळीतून सळई फिरवून क्षार काढणं. एखाद-दुसरी नळी फुटकी म्हणून बंद करून टाकली तर चालतं. पाच-सहा बंद करू लागला तर त्याला थांबवा आणि नव्या कोअरचा, म्हणजे नळ्या-जाळीच्या गठ्ठ्याचा, भाव विचारा. ॲल्युमिनियमचा आणि प्लास्टिकच्या टाकीचा रेडिएटर कुणी बसवला असेल तर त्याला हा डाग चालत नाही.

हळदीचं काय? रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की गळती थांबते, हे खरं आहे. ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. पण हळद फक्त भोकापाशी जाऊन बसत नाही. ती फुगते आणि जिथे वाट अरुंद तिथे साचते, म्हणजे ज्या नळ्यांतून पाणी गार व्हायचं त्यांतच. गळती थांबते आणि इंजिन तापायला लागतं. माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये भरलेला टँकर घेऊन अडकलात तर त्यापेक्षा सोपा उपाय आहे. बाजूला घ्या, पूर्ण गार होऊ द्या, पाणी भरा आणि टोपी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. दाब बनत नाही, त्यामुळे गळती मंदावते. काट्यावर नजर ठेवून सावकाश घर गाठता येतं.

‘आपल्याकडे गरमी, थर्मोस्टॅट कशाला?’ असं म्हणून तो काढून फेकण्याचीही पद्धत आहे. ते करू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह. तो नसला की इंजिन लवकर तापत नाही, थंडच चालतं, डिझेल जास्त जळतं आणि सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाणी रेडिएटरला बगल देऊन आतल्या आत फिरतं आणि उलट जास्त तापतं. चांगला आहे का हे स्वयंपाकघरात कळतं: पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, थर्मामीटर. त्याच्यावर जो आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२ च्या जवळपास, तिथे उघडायला लागला पाहिजे. पातेलं जुनं घ्या. बहिणीचं बोलणं मी ऐकलेलं आहे.

कोअर प्लग म्हणजे ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या. नुसतं पाणी वापरलं की आतून गंजून भोक पडतं. एका कडेला पंच मारून आडवा करा, पकडीने ओढा, बसायची जागा पुसून गुळगुळीत करा, मापाचा सॉकेट धरून नवा सरळ ठोका. मधल्या वेळात आत बोट घालून बघा. चिखल निघतो तेवढा काढून घ्या.

पाणी आत जात असल्याच्या खुणा वेगळ्या. डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दुधाळ, किंवा ऑइलची पातळी न भरता वाढलेली. गार इंजिन टोपीशिवाय चालू केल्यावर गळ्यात सतत बुडबुडे. तापल्यानंतरही न थांबणारा पांढरा धूर. यातलं काहीही दिसलं तर ट्रॅक्टर चालवू नका, गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. मेकॅनिकला घरी बोलवा. हेड गॅस्केट, हेडचा तडा किंवा लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याची) रबरी रिंग, यांतलं काय ते उघडल्यावरच कळतं. हेड उघडलंच तर फेस करून, म्हणजे त्याचं तोंड मशीनवर सपाट करून, घेतल्याशिवाय परत चढवू देऊ नका.

भरताना

बोअरचं पाणी नको. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने घागरीला पांढरा थर धरतो, तोच थर इंजिनात धरतो. पिसे-पांजरापूरच्या पंपिंग केंद्रांहून भातसा धरणाचं पाणी आमच्या तालुक्यातून पाइपात बसून मुंबईला जातं आणि आमचा ट्रॅक्टर मे महिन्यात बोअरच्या पाण्याचा टँकर ओढतो. पण ते दुखणं वेगळं. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या, आणि कूलंट. इथे बर्फ पडत नाही म्हणून कूलंटची गरज नाही असं समजू नका. आपल्याला ते गंज रोखायला हवं. तयार मिसळलेल्या कॅनमध्ये पाणी घालायचं नसतं, घट्ट कॅनमध्ये कॅनवर लिहिलंय तेवढंच घालायचं. रंगावर जाऊ नका, पण दोन प्रकार एकत्रही करू नका; काही मिश्रणांचा चिकट लगदा होतो. आधीचं काय होतं ते माहीत नसेल तर साध्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या.

सावकाश भरा, होज मधूनमधून दाबा म्हणजे अडकलेली हवा वर येते. टोपी न लावता इंजिन मंद चालू ठेवा. नजर गळ्यावर ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम तापतो आणि पातळी झपकन उतरते. तेव्हा थोडं थोडं घालून दोन बोटांपर्यंत आणा आणि टोपी लावा. पहिल्या पूर्ण दिवसाच्या कामानंतर, गार झाल्यावर, सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळा. नवं रबर बसतं, क्लिप ढिली होते.

काढलेलं कूलंट शेताच्या बांधावर ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू, कोंबडी काहीही तोंड लावतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक लिहा आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. वापरलेलं ऑइल नेणारा भंगारवाला आला की त्याला विचारा, पण दोन्ही एका डब्यात ओतून देऊ नका, मग तो ऑइलही घेत नाही.